आईंनी टेबलापासून माझे केस सोडवले, त्याची खरी हकिकत

ती. दादांना,

मनापासून नमस्कार, आणि वहिनींनाही तितकाच. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? मीठ खरोखर कमी केलंत, की "कमी केलंय" असं फक्त डॉक्टरांना सांगितलंत? (हा प्रश्न माझा नाही, माझी काय बिशाद! आई रोज सकाळी पेपरातलं हवामान वाचताना आधी तुमच्या गावाचं वाचतात आणि मग स्वतःशीच "मीठ" एवढंच म्हणतात. त्यावरून मी प्रश्न तयार केला.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. "ठणठणीत" हा शब्द मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे. कारण गेल्या महिन्यात त्या शनिवारी तुम्ही फोन केलात तेव्हा आईंनी "जावई टेबलाखाली आहेत, नंतर करते" एवढंच सांगून फोन ठेवला, आणि तेव्हापासून तुम्ही तुमच्या बहिणीकडे तीनदा माझ्या प्रकृतीची आणि वहिनींनी एकदा माझ्या डोक्याची चौकशी केली, असं कानावर आलं. वहिनींचा प्रश्न वेगळ्या अर्थानं असेल, पण तो नेमका जागेवर लागला आहे. डोक्याचीच गोष्ट आहे. ती आता सविस्तर सांगतो, म्हणजे तुमच्या मनातली शंका जाईल आणि तुमच्या आईबद्दल मला काय वाटतं तेही एकदाचं लिहून होईल, कारण तोंडानं बोलायची आमच्या पिढीला सवय नाही.

तुमची बहीण तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली तेव्हा मला एकट्याला ठेवण्यापेक्षा आईंना बोलवावं असं ठरलं. (कोणी ठरवलं? माझ्याशिवाय सगळ्यांनी.) दादा, तुमच्यापासून काय लपवायचं, मला त्या दिवशी घाम फुटला. आई माझ्या सासूबाई होऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत आमच्यात झालेलं सगळं संभाषण एका पोस्टकार्डावर मावेल आणि पत्त्याला जागा उरेल. "प्रवास नीट झाला ना?" "झाला." "चहा घेणार?" "घेईन." संपलं. चौतीस वर्षं इस्पितळात काढून, मुख्य नर्स होऊन सात वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या बाई. ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं वॉर्डातले डॉक्टरसुद्धा पेन शोधायला लागायचे, असं तुम्हीच मला लग्नात सांगितलं होतंत. (ते सांगायची वेळ चुकली होती. मी बोहल्यावर चढायच्या तयारीत होतो.)

त्या आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काही काम आहे का?" मी म्हटलं, "छे छे, तुम्ही आराम करा." दुसऱ्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही आयुष्यभर केलंत, आता आराम करा. मला वाटत होतं की मी फार आदरानं वागतो आहे. त्या खिडकीशी जाऊन बसत. चार वाजता उठून सगळे टॉवेल पुन्हा घडी घालत, कडेला कड लावून, इतके सरळ की ते वापरायची मला भीती वाटे आणि मी आंघोळीनंतर शर्टानंच अंग पुसत असे. दहा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी त्यांनी काम विचारलं नाही. ते मला तेव्हा जाणवलंच नाही. आता जाणवतं, आणि लाज वाटते.

आता माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द. मी चिकटद्रवांच्या कारखान्यात आहे हे तुम्हाला माहीत आहे. (लोक गोंद म्हणतात, आम्हाला ऑफिसात "चिकटद्रव" म्हणावं लागतं.) पण तिथे मी नेमकं काय करतो हे मी सासरी कधी नीट सांगितलेलं नाही. मी तक्रार विभागात आहे. तक्रार विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक फोन. कोणाचं बोट बोटाला चिकटतं, कोणाचा चष्मा कपाळाला, कोणाची वेणी खुर्चीला. ते मला फोन करतात किंवा पत्र लिहितात, आणि मी गेली चौदा वर्षं त्यांना एकच उत्तर देतो, की वापरण्यापूर्वी सूचना वाचाव्यात. सूचनापत्रकही मीच लिहिलेलं आहे. त्यात केसांबद्दल एकच वाक्य आहे: "केसांस लागल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा." हे वाक्य साहेबांना फार आवडलं होतं. त्याबद्दल मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

आणि दुसरं, माझे केस. दादा, तुम्ही माझा नेहमी नीट पाडलेला भांग पाहिला आहे. तो भांग नाही, ती बांधकामाची एक पद्धत आहे. डाव्या कानाच्या वर जे केस अजून प्रामाणिक राहिले आहेत ते मी वीतभर वाढवले आहेत आणि ते माथ्यावरून नेऊन उजवीकडे टेकवतो. मध्ये खाली काही नाही. हे तुमच्या बहिणीला ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. (ती समजूत आता राहिलेली नाही. तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे. नऊ वर्षं ती बाई तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.) तर हे केस मी किती जपतो ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतो, वारा असला की मी बस सोडून देतो.

त्या शनिवारी माझ्या मनात आलं की सोमवारी बायको येते आहे, तेव्हा जेवणाचं टेबल दुरुस्त करून तिला चकित करावं. ते चार वर्षं डुगडुगत होतं. पायाखाली घातलेली कागदाची घडी इतकी जुनी झाली होती की तिलाच आता घडीची गरज होती. मी ऑफिसातून आमच्या नव्या चिकटद्रवाची नळी आणली होती, दहा सेकंदांत पकड घेणारी. टेबलाखाली मांडी घालून, मान वाकवून बसलो, आडव्या पट्टीला भरपूर द्रव लावला आणि पट्टी वर टेकवून स्क्रू बसवणार इतक्यात तो खाली पडला. तो शोधायला मी खाली बघितलं. खाली बघितलं की माथा वर येतो, हे चौदा वर्षांच्या अनुभवात कधी लक्षात आलं नव्हतं. स्क्रू सापडला. मी खूश झालो. मग मान हलवायला गेलो, तर केसांनी मला परत बोलावलं.

आधी वाटलं, खिळ्याला अडकले असतील. हात लावला तर पट्टी, लाकूड आणि माझे केस असे तिघे एकजीव झाले होते. आमच्या मालाची गुणवत्ता किती उत्तम आहे हे मला त्या क्षणी प्रथम मनापासून पटलं. आई पलीकडच्या खोलीत होत्या. आता तुम्ही म्हणाल, हाक मारायची. दादा, कशी मारणार? अकरा वर्षांत मी त्यांना मीठ द्या असं म्हटलेलं नाही आणि एकदम "मला टेबलापासून सोडवा" म्हणायचं? मी वीस मिनिटं तसाच बसून राहिलो, जणू मी स्वतःच्या इच्छेनं टेबलाखाली विश्रांती घेतो आहे. मग खिशातून मोबाइल काढला आणि, माणूस बुडायला लागला की काडीचा आधार शोधतो तसा, आमच्याच कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. घंटी वाजली. मग माझाच आवाज आला, चांगला गोड केलेला: "आमचे प्रतिनिधी सध्या व्यस्त आहेत. आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." प्रतिनिधी टेबलाखाली व्यस्त होते. मी पूर्ण निरोप ऐकला, मध्ये तोडवेना. इतकी माणसं चौदा वर्षं हे ऐकून काय म्हणत असतील, हा विचार तेव्हा आला.

मग मी मूर्खपणा केला. हाताशी कापसाचा बोळा होता. अजून ओल्या राहिलेल्या द्रवावर मी तो दाबला आणि पुसायला लागलो. दादा, तुम्ही आयुष्यात हे करू नका. तो द्रव आणि कापूस एकत्र आले की तापतात. बोळ्यातून धूर निघाला आणि माझ्या बोटांना असा चटका बसला की मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारच्यांचा कुत्रा रडायला लागला.

आई आल्या. आता मी तुम्हाला जे सांगायला हे सगळं पत्र लिहितो आहे ते इथे सुरू होतं. त्या हसल्या नाहीत. माझी बायको हसली असती, तुम्ही हसला असतात, मी स्वतः दुसऱ्या कोणाला तसं बघून चार दिवस हसलो असतो. आई दारात एक क्षण थांबल्या, गुडघा दुखत असूनही जमिनीवर बसल्या, आणि आधी तो बोळा चमच्यानं उचलून पाण्यात टाकला. मग विचारलं, "श्वास नीट येतोय? डोळ्यात गेलं का? डोक्याच्या कातडीला लागलंय, की नुसत्या केसांना?" मी म्हटलं, नुसत्या केसांना. त्यांनी बोटांनी मुळापाशी चाचपून खात्री करून घेतली. (रोगी काय सांगतो आणि काय खरं असतं, याची त्यांना सवय असावी.) माझी बोटं बुडवून ठेवायला गार पाण्याचं भांडं आणून दिलं. तेवढ्यात तुमचा फोन आला. तो त्यांनी किती सेकंदांत संपवला हे तुम्हाला माहीतच आहे.

मग फोरमन आले. हे आमचे शेजारी. वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू त्यांना सुटी करता येते. किंकाळी ऐकून ते एका हातात थिनरचा डबा, दुसऱ्या हातात करवत आणि तोंडात पेटलेली सिगारेट अशा वेषात हजर झाले. त्यांचं म्हणणं दोन मिनिटांचं काम होतं. एक तर थिनर ओतायचं, नाहीतर टेबल कापायचं, नाहीतर (हे त्यांनी माझ्याकडे बघून, जरा दयेनं सांगितलं) "कात्री लावा, तसंही तिथे काय आहे?" दादा, खरं सांगतो, मी मान खाली घालायला गेलो आणि घालता आली नाही, इतकी लाज मला वाटली. कसंबसं म्हटलं, "आई, कापा. चालेल."

आईंनी फोरमनकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "तुम्हाला हवेत ना हे केस?"

मी म्हटलं, "हवेत."

"मग झालं," त्या म्हणाल्या. आणि मग फोरमनकडे वळून, "केस काय, परत येतील, असं म्हणणाऱ्याच्या डोक्यावर नेहमी केस असतात. आधी ती सिगारेट बाहेर टाका. डबा गॅलरीत ठेवा. करवत घरी ठेवून या, आणि येताना टॉर्च आणा."

दादा, फोरमन गेले आणि टॉर्च घेऊन आले! हा माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांना बोलू देत नाही. तो पुढचे अडीच तास टेबलाखाली आडवा पडून टॉर्च धरून होता, आणि त्यानं फक्त एकदा "डावीकडे?" एवढंच विचारलं. चपलांच्या आवाजाबद्दल तुम्ही सांगितलं होतंत त्यात काही अतिशयोक्ती नव्हती, आणि त्या वेळी तर आई अनवाणी होत्या.

आता त्यांनी काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण मला ते आता पाठ आहे. आधी गॅसची शेगडी बंद, सगळ्या खिडक्या उघड्या. मग तुमच्या बहिणीच्या कपाटातून नखांचं पॉलिश काढायच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या, दोन्हींची लेबलं भिंगातून वाचली आणि जिच्यात ॲसिटोन होतं तीच घेतली. (दुसरीत नव्हतं. मी असतो तर गुलाबी म्हणून दुसरी घेतली असती.) माझ्या कपाळावर आणि डोळ्यांवर ओला टॉवेल बांधला, कानांना आणि मुळांपाशी उघड्या कातडीला व्हॅसलिन चोपडलं. मग त्या म्हणाल्या, "आता वाळलंय, आता कापूस चालेल. ओल्याला चालत नाही." एकेक थेंब कापसावर घेऊन, तो फक्त गोंदावर टेकवून धरायचा, मुळांकडे ओघळू द्यायचा नाही. जळजळलं की लगेच सांगायचं, गप्प बसून सहन करण्यात शौर्य नाही. चारपाच मिनिटं थांबायचं. गोंद जेलीसारखा मऊ झाला की मुळापाशी केस बोटांच्या चिमटीत घट्ट धरून (म्हणजे ओढ कातडीला बसत नाही) टोकाकडून बारीक फणीनं दोनदोन केस सोडवायचे. सुटले की तिथे गोडं तेल लावून ठेवायचं, म्हणजे परत धरत नाही. मग पुढचे दोन. कुठे घाई नाही, कुठे चिडचिड नाही. मी मध्ये हललो तर अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या एकेरीवर आल्या. "हलू नकोस," म्हणाल्या. मी हललो नाही. मला त्या क्षणी कोणी विचारलं असतं की आणखी चार तास बसशील का, तर मी बसलो असतो.

आणि त्या बोलत होत्या. म्हणजे आई! मला वाटतं हात चालायला लागले की त्यांचं तोंड उघडतं. वॉर्डातल्या एका लहान मुलीची गोष्ट सांगितली. तिच्या लांब केसांत डांबर गेलं होतं, डॉक्टर म्हणाले कापा, आणि ती मुलगी रडत नव्हती, नुसती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईंनी स्वतःची सुट्टी त्या दिवशी तिच्या उशाशी काढली, तेल लावत. "डॉक्टर बरोबरच होते," त्या म्हणाल्या. "कापून बरीच झाली असती. पण बरी होणं आणि बरं वाटणं यात फरक असतो." फोरमनच्या टॉर्चचा उजेड त्या वेळी जरा हलला, ते टॉवेलाआडूनही कळलं. नंतर ते म्हणाले सेल संपत आले होते.

मधल्या एका थांब्यात त्यांनी नळीबरोबरचं सूचनापत्रक वाचलं. भिंग धरून, शेवटपर्यंत. मग विचारलं, "केसांस लागल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तज्ज्ञ म्हणजे कोण?" मी टॉवेलाखालून म्हटलं, "मी." भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाल्या, "बरं." दादा, साहेबांनी दिलेलं ते घड्याळ मी त्याच दिवशी भिंतीवरून उतरवलं.

शेवटी मी सुटलो. कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं त्यांनी डोकं तीनदा धुतलं, कंडिशनर लावलं, टॉवेलनं न चोळता टिपलं, आणि टेबलाची दुरुस्तीही करून टाकली, कारण पट्टीचा स्क्रू तसाच राहिला होता. एकही केस कापला नाही. "केसालाही धक्का लावला नाही" हे आपण उगाच बोलतो. मी ते प्रत्यक्ष पाहिलं आहे, म्हणजे टॉवेल होता म्हणून पाहिलं नाही, पण अनुभवलं आहे. आणि मग आईंनी आरसा आणला, मला पाठमोरं उभं केलं आणि माझा भांग, ती बांधकामाची पद्धत, स्वतःच्या हातानं जशीच्या तशी पाडून दिली, कानापासून कानापर्यंत. मी त्यांना आजवर कोणाच्याही समोर वाकून केलेला नाही असा नमस्कार केला. (पाठीत उसण भरली. पण तिचा या गोष्टीशी संबंध नाही.)

हे इथेच संपलं असतं, तर मी एवढं लांबलचक लिहिलं नसतं. सोमवारी ऑफिसात गेलो तर साडेदहाला फोन. एक बाई, रडवेल्या. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीच्या वेणीवर हस्तकला करताना आमची अख्खी नळी सांडली होती, आणि मुलगी कात्री घेऊन बाथरूममध्ये कोंडून बसली होती. मी तोंड उघडलं आणि चौदा वर्षांच्या सवयीनं "वापरण्यापूर्वी" इथपर्यंत आलो. तिथेच थांबलो. म्हटलं, बाई, थांबा, आणि आईंना घरी फोन लावून दोघींना जोडून दिलं. मागे साहेब उभे होते. ते ऐकत होते हे मला नंतर कळलं. आई म्हणाल्या, "आधी ओरडणं थांबवा. दारातूनच तिला सांगा की कोणी कापणार नाही. मग तिला विचारा, केस हवेत का." नऊ मिनिटं चाललं. दुपारी चारला त्याच बाईंचा पुन्हा फोन आला. वेणी सुटली होती, मुलगी जेवली होती, आणि त्यांना एवढंच विचारायचं होतं की सकाळच्या त्या बाई कोण? साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "हो, कोण?" मी म्हटलं, "तज्ज्ञ."

तेव्हापासून, दादा, सकाळी दहा ते बारा आमच्या मदत क्रमांकाचे फोन आमच्या घरी येतात. साहेबांनी रीतसर पत्र देऊन आईंची नेमणूक केली आहे. सूचनापत्रक नवं छापलं, त्याची भाषा आईंची आहे, माझे त्यात फक्त स्वल्पविराम आहेत. (त्यातलेही दोन त्यांनी काढले.) पत्रकाची सुरुवात "घाबरू नका, ओढू नका" अशी आहे, आणि डोळ्यात गेलं किंवा कातडी सोलली तर घरी काही न करता सरळ दवाखान्यात जा, हे मोठ्या अक्षरांत. पावणेदहाला आई साडी बदलून, वही-पेन घेऊन बसतात. खिडकीशी नव्हे, त्याच टेबलाशी. टॉवेलांच्या घड्या आता मी घालतो. वाकड्या होतात, पण त्यांना बघायला सवड नसते. परवा मी विचारलं, थकत नाही ना? त्या म्हणाल्या, "सात वर्षं आराम करून थकले होते."

तर अशी ही हकिकत. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण लाज वाटणाऱ्या माणसाला लाज न वाटू देता सोडवणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते तुमच्या घरातून आलेलं आहे. याबद्दल तुमचे आभार मानायचे की तुमचा हेवा करायचा, हे मला ठरवता येत नाही. वहिनींना सांगा, माझं डोकं शाबूत आहे.

तुमचा,
धाकटा मेहुणा (बहिणीचा नवरा या नात्यानं धाकटा; वयानं तुमच्याहून दोन महिन्यांनी मोठा, पण तो विषय नको)

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर राहूनच गेलं. तुम्ही आईंसाठी तळमजल्यावरची खोली रंगवून घेतली आहे, आरामखुर्ची आणली आहे आणि चार तारखेला त्यांना न्यायला येणार आहात, हे मला माहीत आहे. तुम्ही थोरले, तुमचा हक्क पहिला. पण ती तारीख थोडी पुढे ढकलता येईल का? थोडी म्हणजे फार नाही. समजा, कायमची.

ता. क. २. यात माझा स्वार्थ नाही. भात मला आता येतो. तुमच्या बहिणीचं मत विचाराल तर तिचं मत आहे की मी या भानगडीत पडू नये. आईंना मी विचारलेलं नाही, आधी तुमची परवानगी असावी म्हणून. पत्राबद्दल त्यांना काही कळू देऊ नका.

चि. मोठ्यास आशीर्वाद. हे पत्र जावयांनी पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं. चौदा वर्षं गोंदाच्या कारखान्यात आहेत आणि लिफाफा चिकटवायला विसरले, म्हणून वाचलं. बरंचसं खरं आहे. वेळ अडीच तास नव्हे, पावणेचार तास लागला. मागच्या बाजूचे नऊ केस पट्टीत रुतले होते ते कापावे लागले. त्यांना सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस. पेशंटला सगळंच सांगायचं नसतं. फोरमनना ताकीद दिली आहे.

मी कुठे राहायचं ते तुम्ही दोघांनी पत्रं लिहून ठरवू नये. चार तारखेला मी येते आहे, न्यायला येऊ नकोस, मला गाडीत बसता येतं. दोन महिने राहीन, तुझं मीठ बघीन आणि परत इकडे येईन. साहेबांशी बोलले आहे. दहा ते बाराचे फोन तिकडे वळवता येतात. तेव्हा ती आरामखुर्ची कोणाला तरी देऊन टाक. खोलीत एक साधं टेबल ठेव, सरळ पाठीची खुर्ची ठेव, आणि फोनची वायर पलंगापर्यंत नको, टेबलापर्यंत ओढून घे.